कांचनाबुरीला जायचंय? आधी नदी ठरवा, मग गाडी

बँकॉकच्या सहलीत दोन दिवस मोकळे असले की कांचनाबुरीचं नाव हमखास निघतं आणि पाठोपाठ प्रश्न येतो: रेल्वेनं जावं की व्हॅननं? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी नदी ठरवायला हवी. कांचनाबुरी गावाजवळ थोरली ख्वे याय आणि धाकटी ख्वे नोई एकत्र येतात आणि पुढे मे क्लाँग म्हणून वाहतात. एरावणचे धबधबे थोरलीच्या खोऱ्यात आहेत, तर दुसऱ्या महायुद्धात कैद्यांकडून बांधून घेतलेल्या ‘डेथ रेल्वे’चा देखणा भाग आणि तिच्यासाठी फोडलेली हेलफायर पास ही खिंड धाकटीच्या. बसनं फिरणाऱ्याला एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर पुन्हा गावात यावं लागतं. क्षेत्रफळात कांचनाबुरी हा थायलंडमधला तिसऱ्या क्रमांकाचा प्रांत आहे, त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारं सगळं जवळ नसतं.

बँकॉकहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलींमध्ये दोन्ही खोरी कोंबलेली असतात. दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो आणि प्रत्येक ठिकाणी फोटोपुरतंच थांबता येतं. एकच दिवस असेल तर एकच नदी घ्या. दोन दिवस असतील तर गावात मुक्काम करून एकेक दिवस वाटून द्या.

थोरलीकडे: एरावण

गावापासून सुमारे 65 किलोमीटर. बसस्थानकावरून 8170 क्रमांकाची साधी बस साधारण तासाभराच्या अंतरानं सुटते आणि थेट राष्ट्रीय उद्यानात सोडते, त्यामुळे इथं स्वतंत्र गाडीवर पैसे घालवायची गरज नाही. परतीची शेवटची बस दुपार कलताच निघून जाते. तिची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

धबधब्याचे सात टप्पे आहेत. चुनखडीमुळे पाणी हिरवट-निळं दिसतं आणि डोहात पाय सोडले की लहान-मोठे मासे तळव्यांना लुचायला लागतात. मुलांना याची फार मजा वाटते. दुसऱ्या टप्प्यापुढे खाण्याचे पदार्थ नेऊ देत नाहीत आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीसाठी अनामत भरावी लागते. नियम कडक आहे, पण त्यामुळेच वरचे टप्पे इतके स्वच्छ राहिले आहेत. वरचे टप्पे दुपारनंतर बंद करायला लागतात, म्हणून सातव्यापर्यंत चढायचं असेल तर सकाळची पहिली किंवा दुसरी बस धरा. परदेशी प्रौढांना तिकीट 300 बाथ. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत, पाणी भरपूर असतं आणि हवाही बरी असते. एप्रिलमध्ये धार बारीक होते आणि उन्हानं जीव हैराण होतो.

धाकटीकडे: रेल्वे, खिंड आणि थडगी

माझं मन या बाजूला झुकतं, हे उघडच सांगते. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यानं थायलंडमधल्या नाँग प्लादुकपासून ब्रह्मदेशातल्या थानब्यूझायातपर्यंत 415 किलोमीटरचा लोहमार्ग 1942-43 मध्ये बांधून घेतला. 60 हजारांहून अधिक दोस्त युद्धकैदी त्यात राबले आणि 12 हजारांवर दगावले. त्यांच्याखेरीज आशियाई मजूर सुमारे दोन लाख होते. त्यांतले मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून आणलेले तमिळ मजूर म्हणजे आपल्याच देशातून पोटासाठी गेलेल्या कुटुंबांतली माणसं. आशियाई मजुरांपैकी साधारण 90 हजार मेले, असा अंदाज दिला जातो.

गावातल्या युद्ध स्मशानभूमीत 6,982 थडगी आहेत. एकसारख्या पाट्या, छाटलेली हिरवळ, प्रत्येक पाटीशी फुलझाड. ती जरूर बघा. पण त्या मजुरांसाठी नावाच्या अशा ओळी कुठेच नाहीत, हे तिथं उभं असताना ध्यानात ठेवा. स्मशानभूमीला लागूनच असलेलं थायलंड-बर्मा रेल्वे सेंटरचं संग्रहालय आधी पाहिलं तर पुढचं सगळं नीट कळतं.

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटामुळे जगभर गाजलेला पूल गावातच आहे, आणि तो आहे थोरलीवर. रूळ मात्र पूल ओलांडून धाकटीच्या काठानं वर जातात, तिथं बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो. पुलाच्या कमानदार लोखंडी तुळया मूळच्या आहेत. मधल्या दोन सरळ, चौकोनी तुळया बॉम्बहल्ल्यात पडलेल्या भागाच्या जागी युद्धानंतर बसवल्या. पुलाला अर्धा तास पुरे.

खरा वेळ द्यावा तो थाम क्रासेला आणि हेलफायर पासला. थाम क्रासे या स्थानकाशी गाडी कड्याला चिकटून उभ्या केलेल्या लाकडी खांबांच्या पुलावरून अगदी पायी चालल्यासारखी सरकते. एका खिडकीतून हात लांबवला तर कातळ लागेल आणि दुसरीखाली ख्वे नोई वाहत असते. नाम तोक या शेवटच्या स्थानकाकडे जाताना डावीकडे बसा, येताना उजवीकडे.

हेलफायर पास गावापासून सुमारे 80 किलोमीटरवर, नाम तोकच्या शेवटच्या स्थानकाच्याही पुढे आहे. तिथं आता रूळ नाहीत. कैद्यांनी हातोडा-छिन्नीनं फोडलेली ही खिंड सुमारे 25 मीटर खोल आहे. खिंडीच्या भिंतींवर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या उभ्या खुणा दिसतात आणि त्यांवरून बोट फिरवता येतं. ऑस्ट्रेलिया सरकार चालवत असलेलं संग्रहालय मोफत आहे, ध्वनिमार्गदर्शकही मिळतो. खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरच्या सज्जातून दरी पाहून समाधान मानावं.

बँकॉकहून यायचं कसं

रेल्वे थोनबुरी स्थानकातून सुटते, मुख्य स्थानकातून नाही. दिवसाला दोनच गाड्या, पहिली सकाळी आठच्या आत आणि दुसरी दुपारी. तिसरा वर्ग, पंखे, उघड्या खिडक्या, परदेशी प्रवाशांना सरसकट 100 बाथ. अडीच-तीन तास धरा, उशीर झाला तर जास्त. व्हॅन किंवा बस साय ताय माय या दक्षिणी बसस्थानकातून दिवसभर मिळतात आणि दोन-अडीच तासांत पोचवतात. बँकॉक ते कांचनाबुरी हा रेल्वेचा टप्पा सपाट शेतांचा आहे, त्यात विशेष काही नाही. यायला व्हॅन घ्या आणि रेल्वेची हौस कांचनाबुरी ते नाम तोक या पट्ट्यात भागवा. ती गाडी गावातून सकाळी साडेदहाच्या सुमारास असते. वेळापत्रक आदल्या दिवशी स्थानकावर बघून घ्या.

तिथं फिरायचं कसं

गावातल्या गावात साँगथ्यू नावाच्या सामायिक प्रवासी गाड्या चालतात, आपल्याकडच्या वडापसारख्या. हात केला की थांबतात, मोजके बाथ घेतात. पूल, स्मशानभूमी आणि संग्रहालयासाठी भाड्याची सायकलही पुरते. स्कूटर सर्रास मिळते आणि थायलंडमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. पण आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीची नोंद नसेल तर अपघातात विमा हात वर करण्याची शक्यता मोठी. 323 क्रमांकाच्या महामार्गावर अवजड वाहनं सुसाट असतात. माझा सल्ला: स्कूटर गावाबाहेर नेऊ नका.

चौघं असाल, किंवा सोबत आई-बाबा असतील, तर धाकटीच्या दिवसासाठी चालकासह गाडी ठरवा. सकाळी थेट हेलफायर पास, तिथून नाम तोक स्थानक. दुपारी एकच्या सुमाराच्या गाडीनं थाम क्रासेवरून ता किलेनपर्यंत या आणि चालकाला तिथं बोलावून घ्या. जवळच प्रासात मुआंग सिंग हे जांभा दगडातलं ख्मेर पद्धतीचं बौद्ध मंदिर आहे. गर्दी जवळपास नसते. एकटे असाल तर सांग्ख्लाबुरीकडची बस हेलफायर पासच्या दारावरून जाते, खर्चही नाममात्र येतो. मग मुआंग सिंग सोडून द्यावं लागेल.

मुक्काम

बसनं फिरणाऱ्यांनी गावातच राहावं. नदीकाठची खोली घेताना एक चौकशी करा: शनिवार-रविवारी संगीत लावलेले तराफे समोरून जातात का? ख्वे नोईच्या काठी साय योकच्या बाजूला तरंगत्या तराफ्यांवरच्या खोल्या मिळतात. त्या फार सुंदर आहेत, पण स्वतःची गाडी नसेल तर तिथं अडकून पडायला होतं.

सांग्ख्लाबुरी गावातला, मोन समाजाच्या नावानं ओळखला जाणारा लाकडी पूल दोन दिवसांत बसवायचा मोह टाळा. ते कांचनाबुरी गावापासून 200 किलोमीटरहून लांब आहे. तिथं जायचंच असेल तर आणखी दोन रात्री हाताशी ठेवा आणि एरावण पुढच्या खेपेला घ्या.