ठरलं दीड इंच, मिळालं अर्धा इंच

कर्नाटकात कोडगू जिल्ह्यात सिद्धापूरजवळ मेव्हण्याने आणि मी मिळून आठ एकर रोबस्टा जातीची कॉफी खंडाने घेतली आहे. मी तासगावकडचा द्राक्षवाला. पाण्याच्या बाबतीत आपल्याला कोण गंडवणार, अशी थोडी गुर्मी होती. फसलो ते पाण्यातच.

रोबस्टाचं गणित द्राक्षासारखं रोजच्या ड्रिपचं नाही. पावसाळ्यानंतर झाडाला ताण बसतो, कळ्या धरतात आणि तशाच झोपून राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक दणकून पाऊस झाला की आठवडाभरात बाग पांढरी होते. पण तो पाऊस बेभरवशाचा. म्हणून तळ्यातलं पाणी इंजिनाने उपसून स्प्रिंकलरने तसाच पाऊस पाडायचा, एक ते दीड इंच, एका दमात. पंधरा-वीस दिवसांनी दुसरं पाणी, जरा कमी. पहिलं पाणी तोकडं पडलं तर कळी जागी होते पण उमलत नाही, गुलाबी होऊन आखडते. मग वरून कितीही पाणी ओता, ती गेली ती गेली.

पाइप, इंजिन, माणसं असं सगळं घेऊन येणारा एक ठेकेदार मिळाला. दर एकरी, पाणी दीड इंच, निम्मे पैसे आगाऊ. माझी नेमकी द्राक्षतोड चालू, मेव्हणा मैसूरला नोकरीत. रोज संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ यायचा आणि मागून आवाज, "सर, फुल पानी दिया." व्हिडिओत पाणी उडताना दिसतं हो, किती तास उडालं ते कुठे दिसतं? काम संपलं, डिझेलच्या पावत्या आल्या, आम्ही उरलेले पैसे पाठवून मोकळे झालो.

नवव्या दिवशी मेव्हणा गेला. शेजारची बाग मोगऱ्यासारखी घमघमत होती, आमच्याकडे कुठे चार पांढरे झुबके, बाकी गुलाबी कळ्या. शेजारच्या बागेतले म्हातारे रायटर (तिकडे मुकादमाला रायटर म्हणतात) त्याला काही न बोलता तळ्यावर घेऊन गेले आणि काठावरची ओल्या चिखलाची रेघ दाखवली.

हिशोब असा. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटरच्या थोडं वर. आठ एकरांना दीड इंच म्हणजे बारा लाखांहून जास्त. आमचं तळं साधारण अर्ध्या एकराचं, म्हणजे पाणी दोन फूट तरी उतरायला हवं होतं. उतरलं होतं जेमतेम नऊ इंच. बागेला अर्धा इंचच मिळाला होता! नंतर व्हिडिओ नीट पाहिले तर तीन दिवसांच्या तीन व्हिडिओंत लाल रंगाचा पट्टा मारलेलं तेच सिल्व्हर ओकचं झाड, म्हणजे जागा एकच.

ठेकेदाराला विचारलं. आधी म्हणाला हवा खराब, मग म्हणाला सावलीची झाडं पाणी अडवतात, शेवटी म्हणाला तळ्याला झरा असेल, पाणी परत भरलं असेल. वर दुसऱ्या पाण्याची आगाऊ रक्कम मागितली. ती दिली नाही, तेव्हापासून फोन बंद. लेखी काही नव्हतंच, भांडणार कशावर?

आता झाडांच्या ओळींत ठिकठिकाणी सरळ कडेचे रिकामे डबे ठेवतो आणि पट्टीने पाणी मोजतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळीने खणून ओल किती खोल गेली ते बघतो. इंजिनाचे तास रोज लिहून ठेवतो. तिसरा हिस्सा पैसे फूल बघितल्याशिवाय द्यायचे नाहीत. आणि पाणी द्यायच्या त्या चार दिवसांत घरातलं कुणीतरी तिथे हजर पाहिजेच, द्राक्षं राहिली तर राहू देत. (हे लिहायला सोपं आहे. बायकोला विचारा.)

मेव्हण्याने तळ्यात सिमेंटचा खांब रोवून त्यावर फूट-इंचाच्या खुणा मारल्या आहेत. यंदाच्या नव्या ठेकेदाराने तो बघितला, "ये किसलिए?" विचारलं, आणि एकरी दर वाढवून सांगितला. आम्ही तो दिला.