जुनं ‘मीडिव्हल मॅडनेस’ घ्यावं का?
शिकागोच्या विल्यम्स कंपनीचं हे पिनबॉल मशीन १९९७ चं; निघाली जेमतेम चार हजार. खेळायला आजही अव्वल. किल्ल्याचा पूल खाली येतो, चेंडू दरवाजावर आदळत राहतो आणि शेवटी किल्ला धडाधड कोसळतो. भाव वर्षानुवर्षं चढाच होता, पण २०१५ पासून शिकागो गेमिंगची नवी आवृत्ती मिळू लागली आणि ‘दुर्मीळ’ हा शिक्का पुसट झाला. आमचा अंदाज: खेळाच्या फळीवरचा मूळ रंग शाबूत असलेली मशिनं भाव धरतील, झिजलेली उतरतील, कारण त्यांची गाठ थेट नव्याशी आहे. नुसतं खेळायचंय? मग नवंच घ्या.

जुनं बघताना आधी मशीनच्या मागचा उभा डबा उघडा. सीपीयू बोर्डावरचे (मशीन चालवणाऱ्या मुख्य सर्किटवरचे) तीन डबल-ए सेल गळले असतील तर हिरवट-पांढरा थर दिसतो. खालच्या तांब्याच्या रेषा खाल्लेल्या असतात, नुसतं पुसून भागत नाही. मग टॉर्च तिरका धरून ट्रोल (राक्षसाच्या बाहुल्या) फळीतून वर येतात त्या भोकांच्या कडा तपासा. रंग उडून लाकूड दिसलं की भाव पाडा. फ्लिपर (चेंडू टोलवणाऱ्या दांड्या) मिळमिळीत असतील तर मात्र घाबरू नका: प्लंजर, लिंक, कॉइल स्लीव्ह आणि स्टॉप हे त्यांचे सुटे भाग बदलले की काम झालं.