एमएक्स-५ चे डिफरन्शियल ऑइल: एका छोट्या गॅरेजचा अनुभव

इंग्लंडमध्ये घेतलेल्या माझ्या १९९९ च्या माझदा एमएक्स-५ गाडीचे डिफरन्शियल ऑइल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीतले तेल) घराजवळच्या एका छोट्या गॅरेजमध्ये बदलून घेतले. मेकॅनिकने तेल भरण्याचा वरचा प्लग सैल होतो याची खात्री करून मगच जुने तेल काढण्याचा खालचा उघडला. हा क्रम चुकला आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तेलाविना जागेवरच बसते. खालच्या प्लगच्या चुंबकावरचा, झिजेच्या बारीक धातूचा करडा, लोण्यासारखा लेप त्याने बोटांवर चोळून दाखवला. त्यात गिअर तुटल्याची खूण ठरणारे धातूचे तुकडे नव्हते. या गाडीतल्या टॉर्सन प्रकारात, म्हणजे एकच चाक नुसते फिरत राहू नये म्हणून फक्त गिअरनी ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलमध्ये, क्लच प्लेट नसल्याने वेगळे अ‍ॅडिटिव्ह लागत नाही, हे त्याने न विचारताच सांगितले आणि ७५डब्ल्यू-९० (दाटपणा) जीएल-५ (दर्जा) गिअर ऑइल वरच्या भोकातून ओघळेपर्यंत, साधारण एक लिटर, भरले. प्लगखालच्या वॉशरचे पैसे मात्र वेगळे लावले, ते खटकले.