नितंबांचा आकार वाढवण्यासाठी स्वतःची चरबी की सिलिकॉनचे इम्प्लांट?

नितंबांचा आकार वाढवण्यासाठी प्रामुख्याने दोन शस्त्रक्रिया केल्या जातात. पहिलीत पोट, कंबर किंवा मांड्यांमधील चरबी लायपोसक्शनने काढून नितंबांत भरतात आणि ती ‘ब्राझिलियन बट लिफ्ट’ या नावाने ओळखली जाते. दुसरीत घन सिलिकॉनचे इम्प्लांट बसवतात.

चरबीच्या पद्धतीत शरीराबाहेरची वस्तू आत राहत नाही, जखमा लहान असतात आणि कंबरही बारीक होते, म्हणून बहुतेकांचा ओढा तिच्याकडे असतो. मात्र भरलेली सगळी चरबी टिकत नाही; पहिल्या काही महिन्यांत तिचा बराच भाग शरीर शोषून घेते, आणि उरलेली पुढे वजनाबरोबर कमीजास्त होत राहते. अंगावर पुरेशी चरबीच नसलेल्या सडपातळ व्यक्तीसाठी हा पर्याय मुळातच तोकडा पडतो.

खरा प्रश्न धोक्याचा आहे. नितंबांच्या स्नायूंच्या आत आणि खाली मोठ्या शिरा असतात. चरबी भरणाऱ्या नळीने त्यांपैकी एखादी शीर फाटली, तर चरबी हृदयामार्गे फुफ्फुसांत जाऊन रुग्ण टेबलावरच किंवा काही तासांत दगावू शकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३,००० शस्त्रक्रियांमागे एक इतके असू शकते, असा अंदाज निघाला. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तो धक्कादायक होता. २०१८ मध्ये ब्रिटनमधील सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रिया थांबवण्याचा सल्ला दिला आणि २०२२ मध्ये, चरबी केवळ त्वचेखालील थरातच व सोनोग्राफीने नळीचे टोक पाहतच भरावी, या अटीवर तिला पुन्हा मान्यता दिली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०१९ मध्ये स्नायूत चरबी भरण्यास मनाई केली, तरीही मृत्यू थांबले नाहीत. तेव्हा २०२२ मध्ये सोनोग्राफीची सक्ती आली आणि एका शल्यचिकित्सकाने दिवसात तीनपेक्षा जास्त अशा शस्त्रक्रिया करू नयेत, अशी मर्यादाही घातली गेली. स्वस्तातल्या, घाईने चालणाऱ्या केंद्रांविषयी याहून स्पष्ट काय सांगायचे!

इम्प्लांटमध्ये चरबी शिरेत जाण्याचा हा धोका नसतो आणि आकार वजनावर फारसा अवलंबून राहत नाही. पण छेद बहुधा दोन नितंबांच्या मधल्या घडीत, म्हणजे गुदद्वाराजवळ घेतला जातो, त्यामुळे जखम उघडी पडणे व जंतुसंसर्ग होणे या तक्रारी उद्भवतात. पाणी साठणे आणि इम्प्लांट सरकणे हेही घडते, आणि मग ते काढण्यासाठी पुन्हा भूल घ्यावी लागते. दोन्ही पद्धतींत सुरुवातीचे काही आठवडे थेट नितंबांवर बसता येत नाही, ही बाब कार्यालयात बैठे काम करणाऱ्यांनी गृहीत धरावी.

अंगावर चरबी असेल तर माझा कल पहिल्या पद्धतीकडे झुकतो, पण शल्यचिकित्सक सोनोग्राफी प्रत्यक्ष वापरतो आणि त्वचेखालीच चरबी भरतो, याची खात्री झाल्यावरच. भारतात त्याच्याकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (आता डीआर.एन.बी.) ही पदवी आहे का, हे पाहावे. निव्वळ ‘कॉस्मेटिक’ प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही. पार्लरमध्ये द्रवरूप सिलिकॉन टोचून देणाऱ्यांचा तर या तुलनेत विचारही करू नये, कारण ते शरीरात पसरते आणि पूर्णपणे काढता येत नाही. खर्च मोजताना हेही लक्षात घ्यावे की आपल्याकडील आरोग्य विमा सौंदर्यशस्त्रक्रियेचे पैसे सहसा देत नाही, त्यामुळे दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेची तरतूदही आधीच स्वतःच्या खिशातून ठेवावी लागते.