लिनक्स मिंट २२ आणि एनव्हिडिया कार्ड: स्क्रीन काळी पडली तर?

मिंट २२ ही लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम दिसायला छान आहे, हलकी आहे, २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. इथे तपासलंय ते वेगळंच: मशीन चालू होताना अडलं, तर ही सिस्टीम आपल्या हातात काय देते? दुसऱ्याच्या मशीनवर लिनक्स बसवून देणाऱ्यांनी तरी आधी हेच बघावं.

इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हच्या बूट मेन्यूतच (मशीन चालू होताना येणाऱ्या यादीतच) ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ आहे, हे उत्तम. एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स कार्डांवर नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर अडखळतो आणि लोगोनंतर काहीच दिसत नाही. या मोडने इन्स्टॉलेशन निभावतं. पण पहिल्या रीस्टार्टला पुन्हा काळी स्क्रीन येऊ शकते, आणि इथेच बरेच जण नाद सोडतात. तसं करू नका. मशीन सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरवर, शिफ्ट) दाबून ग्रब मेन्यू, म्हणजे कोणती सिस्टीम सुरू करायची ते निवडायची यादी, आणा. एस्केप एकदाच, जास्त वेळा दाबलं की नुसता ग्रब प्रॉम्प्ट समोर येतो. मेन्यूत पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतलं ‘क्वाएट स्प्लॅश’ (quiet splash) काढून तिथे ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहा आणि एफ१० दाबा. रिझोल्यूशन कमी दिसेल, मिंटचा डेस्कटॉप सिनॅमन ‘हार्डवेअर ॲक्सेलरेशन नाही’ असं सांगेल. घाबरू नका, हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. नोमोडसेट कायमचं ठेवू मात्र नका, नाहीतर ग्राफिक्सचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं.

आता ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर घ्या, रीस्टार्ट करा. हे टूल खरंच सोपं आहे.

घोळ होतो तो सिक्युअर बूटमुळे, म्हणजे फक्त मान्य सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीमुळे. ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर मान्य सही नसेल तर कर्नल (सिस्टीमचा गाभा) ते लोडच करत नाही. बसवताना पासवर्ड ठरवायला सांगितला असेल, तर रीस्टार्टला निळी स्क्रीन येते. तिथे ‘एन्रोल एमओके’ (सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. सवयीने ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की ती विनंती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. इतक्या महत्त्वाच्या टप्प्यावर नवख्याला काही कळेल असं त्या स्क्रीनवर काहीच लिहिलेलं नाही, ही मोठी उणीव आहे. ड्युअल बूटची (विंडोजही सोबत ठेवण्याची) गरज नसेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करणं सरळ पडतं.

नवा कर्नल आल्यावर डिस्प्ले गेला, तर ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडून चालू करता येतं. म्हणून जुना कर्नल एक तरी ठेवा.

बरोबर येणारं टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमची आधीची स्थिती जपून परत आणणारं टूल, हे मिंटचं सर्वांत मोठं बळ. पण ते आधी सेट करावं लागतं, आणि लोक नेमकं तेच टाळतात. त्याच्या आरसिंक (फाइल्स कॉपी करण्याच्या) पद्धतीला ईएक्सटी४सारखं लिनक्सचं पार्टिशन (डिस्कचा भाग) लागतं, विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचा पेनड्राइव्ह चालत नाही. तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइल्स त्यात मुळात धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा घ्या. डेस्कटॉप येतच नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ२ने काळ्या कन्सोलवर (नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर) जाऊन लॉगिन करा आणि टाइमशिफ्ट तिथूनच रिस्टोर करा.

पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनची स्क्रीन परत परत येत असेल, तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी त्याच कन्सोलवर डिस्कची जागा तपासा. रूट पार्टिशन (जिथे सिस्टीम असते ते) भरलं तरी हेच होतं.

विंडोज अपडेटनंतर ग्रब गायब झाला, तर आधी बायोसमधला बूट क्रम बघा. तो बरोबर असेल तरच पेनड्राइव्हवरचं बूट रिपेअर हे टूल चालवा, आणि मशीन यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआयमध्येच बूट करा.