एक गोल्डबर्ग, पाच रेकॉर्डिंग्ज : आठ महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

जून ते जानेवारी बाख या जर्मन संगीतकाराच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची (‘आरिआ’ ही एक छोटी रचना आणि तिच्यावर बेतलेली तीस रूपं, म्हणजे व्हेरिएशन्स) पियानोवरची पाच रेकॉर्डिंग्ज रत्नागिरीत आलटून पालटून ऐकून झाली. पियानोवादक ग्लेन गूल्डची 1955 आणि 1981 ची स्टुडिओतली, त्याचीच 1959 ची साल्झबुर्गची मैफल, मरे पेराइयाचं 2000 चं आणि आंद्राश शिफचं 2001 चं बाझेलचं, तेही मैफलीतलंच. रचना मुद्दाम एकच धरली. डबलबारीत दोन्ही बुवांनी एकच अभंग घेतला की कोण कुठे रेंगाळतो ते चटकन कळतं, तसंच हे.

सगळ्यात मोठी फसगत होते ती कव्हरवरच्या वेळेने. गूल्ड 1955 : 38 मिनिटं 34 सेकंद. पेराइया : सुमारे 73. मग गूल्ड दुप्पट वेगाने वाजवतो का? नाही. आरिआ आणि तीस व्हेरिएशन्स, प्रत्येकाचे दोन भाग, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवावा अशी बाखची खूण आहे. पेराइया आणि शिफ ती पाळतात, 1955 चा गूल्ड एकदाही पाळत नाही. त्याची वेळ दुप्पट करून बघा, 77 मिनिटांच्या वर जाते! यातला मोठा वाटा एकट्या पंचविसाव्या व्हेरिएशनचा, ते त्याने 6:28 लांबवलं आहे. बाकीचं बरंच वेगात आहे, पण आकडा वाटतो तितकं नाही.

1981 चं 51:18 चं आहे. त्यात काही व्हेरिएशन्सचा पहिला भाग दोनदा येतो. सुरुवातीचा आरिआ 1:53 वरून 3:05 वर गेला, म्हणून ‘तरुणपणी घाई, उतारवयात संथ’ असं सर्रास म्हणतात. पण पंचविसावं उलट 6:03 वर आलंय. फरक वेगापेक्षा बांधणीचा आहे: 1981 मध्ये एका व्हेरिएशनची लय पुढच्या लयीशी हिशेबाने जोडलेली आहे, ठेक्याचा धागा सुटत नाही. 1955 मध्ये प्रत्येक तुकडा स्वतःच्या तोऱ्यात उभा राहतो. गूल्डचं गुणगुणणं दोन्हीकडे आहे. हेडफोनवर ते जास्त टोचतं.

पेटी ऐकून तयार झालेल्या कानाला एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. पेटीची पट्टी दाबून धरली आणि भाता चालू असला की सूर टिकतो. पियानोचा सूर हातोडी तारेवर पडल्या क्षणापासून विरायला लागतो. मींड दोन्हीत नाही. त्यामुळे पंचविसाव्यासारख्या संथ, मायनर (उदास छटेच्या) सुरावटीतल्या भागात वादकाची खरी परीक्षा असते: आधीचा सूर जिथवर विरलाय, त्याच वजनाने पुढचा ठेवला तर ओळ सलग वाटते, जोरात पडला तर माळ तुटते. पेराइया इथे सरस. त्याचा डावा हात ऐका, खालच्या सुरांची ओळ कुठेही हरवत नाही. शिफ पेडल (सूर लांबवणारा पायाखालचा खटका) जवळजवळ वापरत नाही, सगळं जोडकाम बोटांचं, आणि तोच भाग दुसऱ्यांदा घेताना अलंकार बदलतो. निवड एकाचीच करायची तर शिफ.

स्टुडिओ की मैफल? स्टुडिओत तुकडे पुन्हा घेऊन जोडता येतात. गूल्डची सफाई म्हणजे कात्रीची करामत अशी शंका असेल तर साल्झबुर्ग ऐकावं. आवाज मोनो (एकाच वाहिनीवरचा) आहे, पण बोटं तीच. मात्र ‘लाइव्ह’ या शब्दावर डोळे मिटून विश्वास नको. पियानोवादक होरोविट्झच्या 1965 च्या न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉल मैफलीच्या मूळ रेकॉर्डमध्ये काही चुका दुरुस्त केल्या होत्या, दुरुस्तीविना आवृत्ती 2003 मध्ये आली. उलट रिख्टर या पियानोवादकाचं 1958 चं सोफियातल्या मैफलीतलं, मुसोर्गस्की या संगीतकाराच्या रचनेचं रेकॉर्डिंग खोकल्यांसकट, चुकलेल्या सुरांसकट आहे, आणि तरीही ते बाजूला ठेववत नाही.

तुलनेआधी आवाजाची पातळी जुळवा. आरिआच्या पहिल्या दोन ओळी प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये सारख्याच मोठ्या ऐकू येतील असा व्हॉल्यूम ठेवा, नाहीतर मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. जुलैत पत्र्यावर पाऊस असताना हळू भाग ऐकूच येत नाहीत, आणि व्हॉल्यूम वाढवावा तर पुढचा जोरकस भाग कानात बसतो. बंद कपांचे हेडफोन घ्या, पण त्यांच्या गाद्यांना इथे महिन्याभरात बुरशी धरते. पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा चालतात. वीज आणि नेट दोन्ही जातात, तेव्हा फाइल्स उतरवून ठेवलेल्या बऱ्या.

प्रत्यक्ष ऐकायला मुंबईला एनसीपीएला (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जायचं असेल तर तिकीट काढताना विचार करा. डावीकडून हात दिसतात. पियानोचं झाकण वादकाच्या उजवीकडे, म्हणजे श्रोत्यांच्या बाजूला उघडतं, त्यामुळे नाद समोर मोकळा येतो. अगदी पुढची रांग टाळा, आवाज डोक्यावरून जातो.