शाब्दिक उदाहरणांसाठी क्विझनेअर कांड्या

गणितातल्या तुलनेच्या शाब्दिक उदाहरणांसाठी क्विझनेअर कांड्या जरूर घ्याव्यात. 1 ते 10 सेंमी लांबीच्या या रंगीत कांड्यांवर खुणा नसतात, हे उत्तमच. मूल एकेक मोजत बसत नाही, लांबी पाहतं.

‘रियाकडे 13 मणी आहेत. ते समीरच्या मण्यांपेक्षा 5 ने जास्त आहेत. समीरकडे किती?’ ‘जास्त’ शब्द दिसताच मुलं बेरीज करून 18 लिहितात. म्हणून आधी विचारा, कोणाची रांग लांब? मग नारिंगी (10) आणि फिकट हिरवी (3) जोडून ठेवा, त्याखाली उजव्या टोकाला पिवळी (5). डावीकडच्या रिकाम्या जागेत तपकिरी (8) नेमकी बसते. वजाबाकी का, ते डोळ्यांना दिसतं!

तिशीपुढच्या संख्यांना मात्र मांडणी फार पसरते. तिथे कागदावर पट्ट्या काढून त्यांत संख्या लिहिणंच सोयीचं.